पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक बसवायचं? जुन्या फियाट-पद्मिनीच्या इग्निशनचा हिशेब

दारात जुनी फियाट किंवा पद्मिनी उभी असली की पावसाळ्याच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, गाडी चालू झालीच तर मिसिंग करते, आणि गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, ती पॉइंटची कटकट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक करून घ्या." सल्ला वाईट नाही. पण बिघाड कुठे आहे हे कळायच्या आधी तो मानू नका. पॉइंट म्हणजे डेल्कोत (प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये) बसलेला, कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच; इलेक्ट्रॉनिकमध्ये तेच काम मॉड्यूल करतं. पॉइंट बदलून मॉड्यूल बसवलं तरी कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब वाढवून प्लगला देणारी), डेल्कोची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर, प्लगच्या वायरी आणि प्लग तेच राहतात. दोष त्यांच्यात असेल तर नव्या मॉड्यूलसकट गाडी तशीच उभी राहणार.

म्हणून आधी तपासणी. त्यासाठी 12 व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर आणि लाकडी मुठीचा किंवा रबराचा चिमटा पुरतो.

कॅपच्या मधोमध येणारी कॉइलची जाड वायर काढा, चिमट्याने धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाचेक मिलिमीटरवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा, कडकडीत आवाजाचा करंट (ठिणगी) उडाला तर कॉइल आणि पॉइंट दोन्ही काम करताहेत. दोष पुढे, म्हणजे कॅप, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये. पिवळट, मरतुकडा करंट आला किंवा आलाच नाही, तर मागे वळा.

मागचा भाग टेस्ट लॅम्प उलगडून दाखवतो. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलवरून डेल्कोकडे जाणाऱ्या बारीक वायरीच्या टर्मिनलला लावा. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडमीट करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर काजळी आहे. पेटलाच नाही, तर कॉइलपर्यंत वीज पोचत नाही, पॉइंट उघडतच नाहीत किंवा कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी आवरणारा छोटा डबा) शॉर्ट आहे. कंडेन्सरची वायर सोडवून पुन्हा पाहिलं की त्याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

इथेच पॉइंटची खरी जमेची बाजू दिसते. त्यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांना दिसते. कॅप काढा, पॉइंट बोटाने उघडा: चांगले असतील तर पृष्ठभाग राखाडी आणि सपाट. एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा आला असेल, किंवा ते जळून निळे-काळे पडले असतील, तर कंडेन्सरवर संशय घ्या. बारीक पॉलिश पेपरने घासून, पेट्रोलमध्ये बुडवलेला पुठ्ठा मधून ओढला की गाडी घरी येण्यापुरती नक्की चालते. मॉड्यूल बसवल्यावरही टेस्ट लॅम्पचा दिवा लुकलुकतो, पण लुकलुकला नाही तर हातात एवढंच उरतं: वीज पोचते का पाहा, अर्थ (बॉडीशी असलेली जोड) पक्का आहे का पाहा, दोन्ही ठीक असेल तर मॉड्यूल बदला. आत उघडून बघण्यासारखं काही नसतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पॉइंटचा फायबरचा टाचेसारखा भाग डेल्कोच्या शाफ्टवरच्या कॅमवर सतत घासतो आणि झिजतो. झिजला की गॅप (पॉइंट उघडल्यावरची फट) कमी होतो, गॅप कमी झाला की टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं, इंजिन तापतं, घाटात दम तुटतो. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे काही हजार किलोमीटरला गॅप तपासावाच लागतो. तो बहुतेक पॉइंटना 0.4 मिलिमीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या डेल्कोवर कोणाचं नाव आहे ते पाहून त्याच्या मॅन्युअलचा आकडा घ्या. मॉड्यूलमध्ये फिरणारं चुंबक आणि त्याच्या शेजारी सेन्सर असतो. काहीच घासत नाही, म्हणून एकदा लावलेलं टायमिंग टिकतं. रोज ऑफिसला पद्मिनी नेणाऱ्या माणसासाठी हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारणं हट्टीपणा होईल.

डेल्कोच्या शाफ्टचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजलेला असेल तर गोष्ट वेगळी. शाफ्टला हाताने धरून बाजूला हलवून बघा. जाणवेल इतकं हललं तर पॉइंटचा गॅप एका सिलिंडरला एक आणि दुसऱ्याला दुसरा मिळतो, मग कितीही सेटिंग करा, आयडलिंग डगमगतंच. मॉड्यूल ही झीज बऱ्यापैकी सांभाळून घेतं, आणि "बसवलं आणि गाडी बदलली" असं सांगणाऱ्यांचं कोडं बरेचदा इथे सुटतं. तरी बुश बदलणं हाच इलाज. आतली ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजून अडकली असतील किंवा व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटला असेल, तर मॉड्यूलचा काहीही उपयोग नाही. गाडीला पिकअप येणार नाही.

पावसाचा मुद्दा वेगळा सांगतो, कारण कोकणात आणि मुंबईत निम्मी प्रकरणं तीच असतात. दमटपणात कॅपच्या आत पाणी धरतं आणि करंट वाट चुकतो. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर ती कॅप संपली. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा: खराब वायरींवरून निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. हात लावू नका, नुसतं बघा. यात पॉइंट आणि इलेक्ट्रॉनिक सारखेच. कोरडं फडकं आणि चांगली कॅप दोघांनाही लागते.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फसगत होते. मे महिन्यात सिग्नलला गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. कॉइल तापून मान टाकते तेव्हाही असंच होतं आणि पेट्रोलची वाफ अडकते तेव्हाही. फरक कळतो तो फक्त बंद पडल्या क्षणी करंट तपासला तर. थंड झाल्यावर तपासून काही कळत नाही. मॉड्यूलही तापून बंद पडू शकतं. एका मित्राची पद्मिनी खंबाटकी घाटात अशीच थांबली होती. त्याने डिकीतून जुनी पॉइंटची प्लेट कंडेन्सरसकट काढली, तिथेच बसवली, अंदाजाने टायमिंग लावलं आणि सातारा गाठलं.

पैशाचं थोडक्यात: पॉइंट आणि कंडेन्सर काही शे रुपयांत येतात, मॉड्यूलला काही हजार मोजावे लागतात, पूर्ण नवा इलेक्ट्रॉनिक डेल्को त्याहून महाग. पण स्वस्त पॉइंटमागे एक दुखणं आहे. पद्मिनीचं उत्पादन 2000 च्या सुमारास थांबलं, मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर सुट्या भागांचं मोठं गिऱ्हाईकही गेलं. आता पाकिटातून नवा काढलेला कंडेन्सर पहिल्याच दिवशी खराब निघतो. चालू असलेला जुना कंडेन्सर कधीही फेकू नका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा पुण्यात नाना पेठेत जुना, न वापरलेला माल दिसला तर दोन जोड घेऊन ठेवा.

एक मधला मार्गही आहे: पॉइंट तसेच ठेवून त्यांच्यातून जाणारा तीन-चार अँपिअरचा भार ट्रान्झिस्टरवर टाकणारं सर्किट. पॉइंट जळायचे थांबतात, फायबरची झीज मात्र चालूच राहते. मला यात फार राम वाटत नाही.

मी कोणाला काय सुचवेन? गाडी महिन्यातून एकदोनदा निघत असेल, तुम्हाला बॉनेट उघडायला आवडत असेल, किंवा विंटेज नोंदणी आणि रॅलीतल्या मूळपणाचा विचार असेल, तर पॉइंटच ठेवा. जुन्या डिलाइट (पद्मिनीच्या आधीच्या फियाट 1100) पन्नाशी ओलांडून त्या नोंदणीच्या वयात आल्याही आहेत. गाडी रोज चालत असेल आणि सेटिंग करायला वेळ नसेल, तर आधी बुश, कॅप आणि वायरी नीट करून मग इलेक्ट्रॉनिक.

घेताना तीन गोष्टी विचारा. मॉड्यूल तुमच्याच डेल्कोचं आहे का. गाडीच्या बॉडीला बॅटरीचं कुठलं टोक आहे. पद्मिनीला निगेटिव्ह असतं, जुन्या ब्रिटिश गाड्यांना बरेचदा पॉझिटिव्ह. आणि कॉइलचा रेझिस्टन्स किती हवा. साध्या 12 व्होल्टच्या कॉइलला मल्टिमीटरवर सुमारे तीन ओहम दिसतात, बॅलास्टवाल्या (वेगळा रेझिस्टर जोडलेल्या) कॉइलला त्याच्या निम्मे. कमी ओहमच्या कॉइलवर चुकीचं मॉड्यूल लावलं तर ते लवकर जळतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून रेडिओ ऐकत बसायची सवय घरात कोणाला असेल तर ती मोडा. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापते, आणि बरीच साधी मॉड्यूलं त्यात कायमची जातात.