नवं संकुल, नऊ महिने: घर मिळालं, गिरणी नाही

श्रावणात गृहप्रवेश केला, आता चैत्र सरत आलाय. कांदिवली पूर्वेला, हायवेच्या आतल्या बाजूला तीन टॉवरचं संकुल, आमचा एकविसावा मजला. नाव लिहीत नाही, कारण शेजारच्या संकुलांची कहाणी याहून फार वेगळी नाही. ताबा घेण्याआधी मी रात्र-रात्र जागून लोकांचे अनुभव वाचले होते. सगळे टाइल्स, लिफ्ट आणि व्ह्यूबद्दल. त्यात जे नव्हतं ते इथे लिहितेय.

घर चांगलं आहे, हे सांगून टाकते. अख्ख्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली नाही, वारा भरपूर. लिफ्ट दोनदा अडकली, दोन्ही वेळा दहा मिनिटांत माणूस आला. घराला पाचपैकी चार. गेटबाहेरच्याला दोन, तेही मेट्रोमुळे.

माझं लहानपण चारकोपचं, म्हणून तुलना आपोआप होते. 1985 मध्ये सुरू झालेल्या जागतिक बँकेच्या कर्जाच्या योजनेतून म्हाडाने तिथे भूखंड पाडले होते. आमच्या बाबांना सोडतीत एक लागला. खोलीएवढे, पंचवीस-चाळीस चौरस मीटरचे तुकडे, साधारण 35 घरांची एक सोसायटी, मध्ये सामाईक अंगण. बांधलेलं घर मिळालं नाही. मिळाली आखलेली जागा आणि तिच्यापर्यंत आलेला रस्ता, पाणी, गटार. घर ज्याचं त्याने ऐपतीप्रमाणे उभं करायचं. बाबांनी आधी पत्रे टाकले, मग स्लॅब, आणि ताई कॉलेजात गेली त्या वर्षी वरचा मजला. शाळेचे, बाजाराचे भूखंड नकाशात आधीपासून होते. स्वर्ग नव्हता तो. डास तर विचारूच नका, रात्री खारफुटीतून कोल्हेकुई ऐकू यायची. पण पहिलीपासून मी शाळेत चालत गेले.

इथे बरोबर उलटं. घर एकविसाव्या मजल्यापर्यंत तयार, आणि बाकी सगळं ‘येतंय’.

पहिलं येतंय म्हणजे रस्ता. महापालिकेच्या विकास आराखड्यात (डीपी) आमच्यासमोरून 18.30 मीटरचा डीपी रोड जातो. सेल्स ऑफिसातल्या मॉडेलवर तो होता, दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाडं लावलेला. प्रत्यक्षात तो दीडशेक मीटर जाऊन पत्र्याच्या कुंपणाला धडकतो. त्यामुळे शेअर रिक्षा कोपऱ्यावरून वळून परत जाते आणि लेकीची स्कूल बस सिग्नलवर थांबते. सात वाजता तिला कडेवर, दप्तर पाठीवर, छत्री मानेत अडकवून चिखलातून काढलेले जुलै-ऑगस्ट मी विसरणार नाही.

पाण्याचं थोडक्यात: आमच्या विंगला भाग-ओसी (तयार झालेल्या भागापुरता वापर परवाना) आहे, नळाला पाणी येतं पण पुरत नाही, टँकर मागवावे लागतात. त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये. बुकिंगच्या वेळी हे कोणी बोललं नव्हतं. अर्थात मीही विचारलं नव्हतं.

आता गिरणी. हसू नका. तळमजल्यावर नऊ गाळे आहेत: तीन इस्टेट एजंट, एक सलोन, एक पेट शॉप, दोन कॅफे, दोन बंद. कुत्र्याचं शाम्पू रात्री दहालाही मिळतं. ज्वारी दळून मिळत नाही. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते आणि पाकिटातल्या पिठाची भाकरी तिला चालत नाही (थापताना मोडते, हे तिचं म्हणणं खरं आहे, मी करून पाहिलंय). दिवाळीआधी एक गिरणीवाला गाळा बघायला आला होता. भाडं ऐकून त्याने मलाच विचारलं, “किलोला किती लावू ते तुम्हीच सांगा.” वरून कमिटीतल्या दोघांना आवाजाची आणि पीठ उडण्याची काळजी. तो परत आला नाही. आता आई दर पंधरा दिवसांनी पिशवी घेऊन शेअर रिक्षाने स्टेशन, पूल चढून पश्चिमेला, तिथून पुन्हा रिक्षा, असं करत चारकोपला दादाकडे जाते. दळण हे निमित्त असतं, हे मला कळतं. इथे कोणाच्या दाराशी दोन मिनिटं टेकावं असं तिला नऊ महिन्यांत एकही दार मिळालेलं नाही.

मेट्रोचं मात्र कौतुक. 7 क्रमांकाची मार्गिका एप्रिल 2022 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2023 मध्ये गुंदवलीपर्यंत पोचली. आकुर्ली स्थानक आम्हाला चालत अठरा मिनिटं. नवऱ्याचं अंधेरीचं ऑफिस त्यामुळे सुसह्य झालंय. आईने तिचा वेगळाच उपयोग शोधला: स्थानकाच्या लिफ्टने वर, पुलावरून हायवे पार, पलीकडच्या लिफ्टने खाली. पलीकडे ‘आपला दवाखाना’ आहे. तिथे बीपी तपासून गोळ्या मोफत मिळतात, संध्याकाळीही. आमच्या क्लबहाऊसमध्ये ‘वेलनेस रूम’ आहे, तिच्यात एक वजनकाटा आहे.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो बागेच्या तुकड्यावर. मागच्या बाजूला उद्यानासाठी आरक्षित भूखंड आहे. अशा आरक्षणात विकासकाने सुविधा तयार करून महापालिकेच्या ताब्यात द्यायची आणि बदल्यात उरलेल्या जागेवर बांधकाम करायचं, अशी सोय नियमावलीत असते. उरलेल्या जागेवरचं बांधकाम म्हणजे आम्ही. बाग अर्धवट झालीय. पायवाट आहे, चार बाक आहेत, घसरगुंडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी आहे आणि फाटकाला कुलूप. विकासकाच्या माणसाला विचारलं की ‘हस्तांतर प्रोसेसमध्ये आहे’. हेच वाक्य गणपतीत ऐकलं, होळीला ऐकलं. पलीकडच्या वस्तीतली पोरं कुंपणाच्या फटीतून आत जाऊन क्रिकेट खेळतात. खरं सांगायचं तर बागेचा खरा वापर तेवढाच चालू आहे. आमची मुलं पोडियमवरच्या कृत्रिम हिरवळीवर, बूट काढून.

बुकिंग करणाऱ्यांना एकच सांगते. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाच्या आतलं बरंच सापडतं, भिंतीबाहेरचा रस्ता कधी होणार ते नाही. प्लॉटचा डीपी रिमार्क, म्हणजे विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते सांगणारा महापालिकेचा कागद, काढा, आजूबाजूची आरक्षणं त्यात दिसतात. मग तो कागद हातात धरून प्रत्यक्ष त्या जागेवर जाऊन उभे राहा, शक्यतो पावसात.

कालच मेंटेनन्सचं बिल आलं. क्लबहाऊसची त्यात वेगळी ओळ असते. जिममध्ये मी आजवर चारदा गेले असेन. आई मात्र रोज संध्याकाळी खाली उतरते, बागेच्या फाटकापर्यंत जाते, कुलूप आहे का बघते आणि परत येते. डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलंय, जाऊन-येऊन बारा मिनिटं होतात.