क्रीपशो की डेड ऑफ नाईट? एकच रात्र असेल तर

एका पिक्चरमध्ये चार-पाच भीतीच्या गोष्टी असा प्रकार बघायचाय आणि हातात शनिवारची एकच रात्र आहे, तर माझ्या मते निवड या दोघांतच, 1982 चा क्रीपशो नाहीतर 1945 चा डेड ऑफ नाईट. पडद्यामागचं थोडं सांगतो, त्यावरून ठरवा.

क्रीपशोचा दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो, पटकथा स्टीफन किंगची, आणि अंगावर हिरवळ उगवणारा तो शेतकरी पण किंग स्वतःच. कॉमिकपायी बापाचा मार खाणारा पोरगा म्हणजे किंगचाच मुलगा, जो पुढे जो हिल नावाने भयकथा लिहायला लागला. पण मला धरून ठेवलं ते शेवटच्या गोष्टीने, पांढराशुभ्र फ्लॅट, स्वच्छतेचं वेड असलेला म्हातारा आणि झुरळं, आणि ती खरीखुरी, हजारोंनी आणलेली. आपण मुंबईत रात्री पाणी प्यायला उठतो, किचनचा लाईट लावला की सिंकखाली सुर्रकन काहीतरी पळतं, ती शिरशिरी ओळखीची आहे ना, तीच इथे शंभरपट होते.

डेड ऑफ नाईट लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, ब्लॅक अँड व्हाईट, दिग्दर्शक चार, रक्त जवळपास नाहीच. त्यात मायकल रेडग्रेव्ह शब्दभ्रमकार आहे आणि ह्यूगो त्याचा बाहुला. आपण अर्धवटरावावर पोट धरून हसत मोठे झालो, त्यामुळे बाहुला मालकाला उलट बोलायला लागतो तेव्हा आधी हसू येतं आणि मग ते जागीच थिजतं. शिवाय याची गोष्ट जिथून निघते तिथेच परत येते, आणि ती रचना बघूनच आपल्या नारळीकर सरांचे गुरू फ्रेड हॉईल आणि त्यांच्या दोन मित्रांना विश्वालाही सुरुवात नसेल तर, हा विचार सुचला, हे हॉईल यांनीच सांगून ठेवलंय. भुताच्या पिक्चरमधून खगोलशास्त्र, मला अजून याचं नवल वाटतं.

घरी चार मित्र जमलेत तर क्रीपशो लावा, जेवणं आधी उरकून घ्या. पण एकटे असाल तर मी डेड ऑफ नाईटच सांगेन. फक्त लांबी पावणेदोन तासांच्या आसपास आहे ना ते बघून घ्या, अमेरिकेत दोन गोष्टी कापून दाखवला होता आणि त्या छोट्या प्रिंटमध्ये, एका घरात जमून या गोष्टी सांगणाऱ्या पाहुण्यांचा काही मेळच लागत नाही.