खिशातला सोनोग्राफी प्रोब, एमबीबीएसची पोरं आणि आठ महिने

गेल्या गणपतीनंतर आमच्या डिपार्टमेंटला एक हँडहेल्ड प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून सोनोग्राफी करायचं हातात मावणारं यंत्र, मिळाला, त्याला आता आठ महिने होत आले. बरेच जण विचारतात घ्यावा का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. ब्रँड सांगणार नाही, कारण खाली थोड्या शिव्या पण आहेत. मी मिरजेत मेडिसिन शिकवतो, रेडिओलॉजीवाला नाही, तेव्हा इमेज क्वालिटीवर माझं मत तेवढ्यापुरतंच धरा.

वस्तू म्हणाल तर दाढीच्या ट्रिमरएवढी, वायर टॅबला लावायची की झालं. मोठ्या मशीनच्या प्रोबमध्ये क्रिस्टल असतात, म्हणून पोटाला वेगळा, शिरांना वेगळा, हार्टला वेगळा प्रोब लागतो. ह्याच्यात सिलिकॉनची चिप आहे, त्यामुळं एकच प्रोब आणि अ‍ॅपमध्ये प्रीसेट, म्हणजे कुठला अवयव बघायचा त्याची सेटिंग, बदलायचा. पोट आणि फुप्फुस मस्त दिसतं, शिरा ठीक, हार्ट मात्र जाड माणसात अंदाजपंचे.

आता कागदपत्रं, कारण डब्बा फोडायच्या आधी आमचा सगळ्यात जास्त वेळ ह्यातच गेला. सोनोग्राफीचं यंत्र खिशात मावलं तरी ते पीसीपीएनडीटीमध्येच येतं, म्हणजे गर्भलिंग निदान बंदीचा 1994 चा कायदा, 2003 ला सुधारलेला. नोंदणी नसलेल्या ठिकाणाला कंपनी यंत्र विकूच शकत नाही. पोर्टेबल असलं तर नोंदणी झालेल्या हॉस्पिटलच्या आवारात, अ‍ॅडमिट पेशंटसाठी, नाहीतर फिरत्या दवाखान्यात, बाकी कुठं न्यायचं नाही. म्हणजे प्रोब होस्टेलवर नेऊन रात्री प्रॅक्टिस करू ही पोरांची आयडिया पहिल्याच दिवशी बाद. कुरकुर केली त्यांनी. मी म्हटलं बाबांनो, म्हैसाळ इथनं किती लांब आहे? 2017 च्या मार्चमध्ये तिथं पुरलेले 19 भ्रूण सापडले तेव्हा ही पोरं शाळेत होती, नाव ऐकून होती, पण आपल्याच तालुक्यातलं हे म्हटल्यावर गप्प झाली.

आम्ही वॉर्डात आमचा एक जादा नियम केला, बाईमाणसाच्या बेंबीखाली प्रोब जाणार नाही, शिकवायला म्हणून तर नाहीच. एकमेकींवर सराव करायचा तर मुलींनी मान आणि पाय एवढंच. हा नियम जरा जास्तच वाटतो असं एक सहकारी म्हणाले होते. नंतर एकदा एका आजोबांचं लिव्हर दाखवत होतो, शेजारी आजी बसलेल्या, सगळं नीट बघत होत्या, आणि आवरताना हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, सून बी आलीया खाली, पाचवा लागलाय, तिला बी जरा लावून बगा की." रागानं नाही, लाजत पण नाही, चहा घेता का विचारावं तसं. पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी नाही म्हटलं, मुलगा का मुलगी बघायला सांगणं पण गुन्ह्यात जातं हे समजावलं, आजी "बरं बरं" म्हणाल्या. पटलं का माहीत नाही. त्या दिवसापासून प्रोब कपाटात कुलपात, चावी माझ्याकडं.

आता शिकवण्याचं. प्रोब आल्यावर पोरं पेशंटला हात लावायची बंद होतील अशी मला भीती होती, पण थोडं उलटंच झालं, अर्थात क्रम सक्तीचा केला म्हणून. आधी बघायचं, हातानं तपासायचं, बोटानं ठोकायचं, स्टेथो लावायचा, काय सापडलं ते तोंडानं सांगायचं आणि मग प्रोब. कवठेमहांकाळकडचे एक आजोबा होते, डाव्या छातीत पाणी. एका पोरानं पाठीवर वरनं खाली ठोकत आणलं, आवाज ढोलकीसारखा येत होता तो एकदम भिंतीवर ठोकल्यासारखा झाला, तिथं बॉलपेननं रेघ मारली. प्रोब ठेवला तर पाणी रेघेच्या दोन बोटं वर. काळं पाणी आणि त्यात फुप्फुसाचं टोक माशाच्या शेपटीसारखं हलतंय. पोरगं खट्टू. मग समजावलं की वर जाताना पाण्याचा थर पातळ होत जातो, तिथं ठोकून फरक कळत नाही, तुझं बोट चुकलं नाही, बोटाची हद्द तेवढीच. सरळ एक्सरेत तरी साधारण 200 मिली साचल्याशिवाय फुप्फुसाचा खालचा कोपरा कुठं बुजतो. एवढं सगळं चालू असताना आजोबा म्हणाले, "गावलं न्हवं पानी? मग काडा की, नकाशे कशाला काडायलाय पाटीवर?" पुढच्या पेशंटला त्याच पोरानं रेघ मारली ती प्रोबला जवळपास जुळली. हे लेक्चरला दहा वर्षांत जमलं नव्हतं.

एकमेकांवर सराव करायच्या आधी मात्र लेखी संमती घ्या. आमच्यातल्या एका धडधाकट पोराच्या पित्ताशयात खडा दिसला, पांढरा ठिपका आणि मागं काळी सावली, पुस्तकात असतो तसा. सगळी बॅच "अरे वा सर!" म्हणून खूश आणि त्या बिचाऱ्याचा चेहरा उतरलेला. असं काही निघालं तर कुणाला सांगायचं, कुठं पाठवायचं, हे आम्ही आधी ठरवलंच नव्हतं, चूक माझी.

अतिशहाणपणाचा पण धोका आहे. एकीनं हार्टभोवती पाणी आहे म्हणून केस पेपरवर लिहून टाकलं, रीतसर इको केला तर ती नुसती चरबी. तेव्हापासून ह्या प्रोबवरचं काहीही पेपरवर जात नाही, शंका आली की रेडिओलॉजीला चिठ्ठी. अ‍ॅपमधलं ते आपोआप नावं टाकणारं एआय पण मी बंद करून ठेवलंय, पोरं स्क्रीनवरचं वाचून दाखवतात, बघत नाहीत.

शिव्या आता. बॅटरी दीड तास टिकते आणि एप्रिलपासून मिरजेच्या उन्हात ती पण नाही, वीसेक मिनिटात प्रोब तापतो आणि थंड होऊ द्या म्हणून बंद पडतो, मग दहा पोरं आणि एक पेशंट पंख्याखाली प्रोबकडं बघत उभी. अ‍ॅपला मधूनच परत लॉगिन लागतं, आमच्या वॉर्डाच्या भिंती दगडी, नेट येत नाही, एकदा अख्खा क्लास त्यात गेला. वर्षाला सबस्क्रिप्शन वेगळं, हे विकताना बारीक अक्षरात सांगितलं. वायर मानेपाशी चिरली ती दुरुस्तीला गेली आणि तीन आठवडे फोन करकरून जीव गेला.

एका प्रोबमागं आठच्या वर पोरं घेऊ नका, बाकीची नुसती मोबाइल बघतात. दुसरा घ्यायला पैसे आहेत म्हणून विचारणा झाली तर मी म्हटलं आधी रेसिडेंट डॉक्टरांचे आठवड्याला दोन तास ह्यासाठी मोकळे करा, कारण शेजारी बघणारं कुणी नसेल तर पोरं काळं-पांढरं टीव्ही बघितल्यासारखं बघतात. उत्तर अजून आलेलं नाही.

आणि हो, प्रोबखाली अंगाला लावायचा जेल छोट्या बाटल्यांमध्ये घेऊ नका, पाच लिटरचा कॅन आणा आणि भरून वापरा. पोरं तो केकवर क्रीम लावल्यासारखा लावतात. पुसायला कापूस नको, धागे राहतात, जुनी मऊ सुती धोतरं कापून घ्या, आमच्या मावशींनी सुचवलेलं, एक नंबर चालतं.