क्रीम २००५ की झेपेलिन २००७, एकच घ्यायची असेल तर

दोन्ही घेणार असाल तर प्रश्नच मिटला. पण क्रीम आणि लेड झेपेलिन या जुन्या ब्रिटिश रॉक बँडच्या रीयुनियन कॉन्सर्टची (फुटलेला बँड पुन्हा एकत्र येऊन करतो ती) एकच डिस्क घ्यायचीये आणि या दोघांत अडकला असाल तर ऐका, मीही असाच अडकलो होतो. मी आधी झेपेलिनची 'सेलिब्रेशन डे' घेतली, क्रीमची रॉयल अल्बर्ट हॉलवाली बऱ्याच नंतर, आणि तीही जरा नाक मुरडतच.

नुसतं वर्णन ऐकलं तर झेपेलिनचं पारडं जड वाटणारच. अटलांटिक रेकॉर्ड्स कंपनीचा संस्थापक अहमद अर्टेगनच्या स्मरणार्थ लंडनच्या ओ-टू सभागृहात एकच रात्र, १० डिसेंबर २००७. खरी तारीख २६ नोव्हेंबर होती पण गिटारवादक जिमी पेजचं बोट मोडलं म्हणून पुढे गेली (योगायोग बघा, क्रीमने १९६८ ला निरोपाचा कार्यक्रम केला तोही २६ नोव्हेंबरलाच). एकच रात्र म्हणजे चुकलं तर चुकलं, आणि ते दडपण पहिल्या दोन-तीन गाण्यांत मला तरी स्पष्ट जाणवतं. एवढं अवाढव्य स्टेज आणि ही चौघं ड्रम्सपाशी दाटीवाटीने उभी, जसं काही छोट्या खोलीत प्रॅक्टिस चाललीये. ड्रमर जेसन बॉनमकडे बघत राहावंसं वाटतं, वडील (बँडचे मूळ ड्रमर) गेले तेव्हा पोरगा चौदाचा होता आणि आता त्यांच्याच जागी बसून 'कश्मीर' हे गाणं वाजवतोय. गायक रॉबर्ट प्लँट वरच्या पट्टीच्या मागे धावत नाही, जिथे आवाज पोचतो तिथे शहाण्यासारखा गातो. साउंड तर दणदणीत, त्याबाबतीत क्रीमवाली याच्या जवळपासही नाही.

मग घोडं अडलं कुठे? एडिटिंगमध्ये. कॅमेरा एका जागी ठरतच नाही हो! जुन्या फिल्मसारखे दाणेदार, हलणारे शॉट मधेमधे घातलेत, गर्दीतून कोणीतरी चोरून शूट केल्यासारखे. पहिल्यांदा बघताना मजा वाटली. पण मी अशा डिस्क बघतो ते बोटं बघायला, स्वतः थोडंफार गिटार खाजवतो म्हणून. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'च्या सोलोला पेज नेमका कुठे बेंड घेतो (तार ताणतो) ते बघायचं म्हणून मी तीनदा मागे नेलं, आणि तीनही वेळा हवी ती जागा यायच्या आत फ्रेम बदललेली. एकदा हे खटकलं की मग दुसरं काही दिसेनाच, गाणं ऐकायचं सोडून मी कट मोजायला लागलो. कदाचित माझाच दोष असेल, बऱ्याच लोकांना हीच स्टाइल आवडते.

क्रीमवाल्यांची रड वेगळी. मे २००५ मधल्या चार कार्यक्रमांतून निवडून जोडलेलं आहे, म्हणजे ती 'एकच रात्र' वाली जादू नाही. 'क्रॉसरोड्स' हे गाणं चक्क संथ. गिटारवादक एरिक क्लॅप्टन स्ट्रॅटोकास्टर (पातळ आवाजाची गिटार) घेऊन उभा, त्यामुळे साठच्या दशकातला तो जाड, भरलेला आवाज शोधत असाल तर नाहीये तो. बास वाजवणाऱ्या, गाणाऱ्या जॅक ब्रूसचं २००३ मध्ये लिव्हर ट्रान्सप्लांट झालेलं, ड्रमर जिंजर बेकरचे सांधे धरलेले, मग दम बेताबेतानेच लागणार.

पण कॅमेरा थांबतो. 'वी आर गोइंग राँग' बघा. बेकर काठ्या ठेवून मॅलेट (मऊ टोकाच्या काठ्या) घेतो आणि टॉम्स या ड्रम्सवर तो घुमणारा ठेका सुरू होतो, ब्रूस हळूहळू आवाज चढवत नेतो, क्लॅप्टन बराच वेळ जवळजवळ काहीच करत नाही, आणि हे सगळं आपल्याला निवांत बघू देतात. 'रोलिन अँड टंबलिन'ला ब्रूस बास बाजूला ठेवून हार्मोनिका घेतो, म्हणजे स्टेजवर बास नाहीच, तरी पोकळी जाणवत नाही. तिघंच माणसं, मागे कीबोर्डवाला नाही की कोरस नाही, कोणी चुकलं की लगेच कळतं, आणि तिघं एकमेकांकडे कसे बघतात (किंवा बेकर-ब्रूसच्या भांडणांचा इतिहास माहीत असेल तर कसे बघत नाहीत) हेही दिसतं. ब्रूस २०१४ ला गेला, बेकर २०१९ ला, तेव्हा हे तिघं एकत्र आता असंच बघायचं.

मित्रमंडळी जमवून मोठ्या आवाजात लावायची असेल तर झेपेलिन घ्या, मी अडवणार नाही, त्या कामाला तीच बरी. एकट्याने बसून बघणार असाल, त्यातून एखादं वाद्य वाजवत असाल, तर माझं मत... बरं, एवढं वाचून कळलंच असेल. फक्त 'टोड' सुरू झालं की ड्रम सोलो म्हणून पुढे ढकलू नका. हात राहू द्या, बेकरचे पाय बघा, दोन बास ड्रम आहेत आणि सांधे धरलेला माणूस ते सावकाश, न थकल्यासारखे चालवतोय.