क्युप्रामीन: औषध गुणी, पण टेस्ट किट नसेल तर घेऊ नका

सीकेम कंपनीचं क्युप्रामीन म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांसाठी तांब्याचं औषध. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले किंवा वेल्व्हेट या परजीवी रोगाची धुळकट साय चढली, की याच बाटलीची आठवण होते. काम चोख करतं, पण वापरणाऱ्याला शिस्त लागते.

मात्रा ४० लिटरला १ मिली, ४८ तासांनी तेवढीच पुन्हा. मग पाण्यात तांबं लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम होतं. लिटरचा हिशेब टाकीच्या खोक्यावरून नको, पाण्याच्या उंचीवरून करा. आतून ६० बाय ३० सेंमीच्या टाकीत पाणी २२ सेंमी असेल तर ते ३९.६ लिटर, म्हणजे सिरिंजने १ मिली. अंदाजपंचे ओतलं की मासे भराभर श्वास घेतात, खाणं सोडतात. तांबं कमी पडलं तर रोग नुसता रेंगाळतो. म्हणून क्युप्रामीनचं तांबं मोजणारा किट सोबतच घ्या, आणि रंग दिवसाउजेडी पाहा. ट्यूबलाइटखाली ०.२५ आणि ०.५ सारखेच दिसतात.

हे औषध मुख्य टाकीत कधीच टाकायचं नाही. कोळंबी, गोगलगायी, कोरल मरतात, आणि कोरल चिप्स (प्रवाळाची खडी) नि लाइव्ह रॉक (जीवजंतू वसलेले समुद्री खडक) तांबं शोषून मात्रा बिघडवतात. वेगळी उघड्या तळाची टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसीचे दोनचार एल्बो, बस्स. फिल्टरमधला कार्बन काढा, पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा बंद ठेवा. अमोनिया चढला म्हणून क्लोरीन-अमोनिया मारणारं कंडिशनर घालाल तर तांब्याचं रूप बदलून तेच विषारी ठरतं. त्याऐवजी १० लिटर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात अर्धा मिली क्युप्रामीन आधीच मिसळा. बाष्पीभवनाची तूट मात्र साध्या आरओ पाण्यानेच भरायची, कारण मीठ नि तांबं उडून जात नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके वाढले तरी मात्रा वाढवू नका. तांबं माशाच्या कातडीत दडलेल्या परजीवीला मारत नाही, पाण्यात पोहणाऱ्या पिलावळीला मारतं.

लेबलवरचे १४ दिवस आम्हाला अपुरे वाटतात. परजीवीची तळाला चिकटलेली पुटी (ज्यातून नवी पिलावळ निघते) फुटायला चार आठवडेही लागू शकतात. एक तर ३० दिवस ०.५ टिकवा, नाहीतर १४ दिवसांनी मासे धुऊन सुकवलेल्या दुसऱ्या टाकीत हलवा. मुख्य टाकीतले परजीवी मरेपर्यंत ती माशांविना ठेवायची. त्यासाठी हौशी मंडळींत ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे.

क्लाउनफिशच्या अंगावर जाड चिकट पापुद्रे सुटत असतील तर तो बहुधा ब्रूकलिनेला हा वेगळा परजीवी. त्यावर तांब्याचा उपयोग नाही, फॉर्मेलिन लागतं. फ्लूक म्हणजे चपट्या कृमींवरही हे चालत नाही. मँडरिन आणि ड्वार्फ एंजलला तांबं जेमतेम सोसतं. आणि आजारी टँगच्या जोडीला त्याच ४० लिटरांत भांडखोर डॅमसेल ठेवू नका. मार खाऊन लपलेला मासा खात नाही, आणि उपाशी माशाला औषध पेलवत नाही.