छोट्या यार्डातली शिडाची बोट: आठ महिन्यांनंतर

आधी सहा वर्षं कारखान्यात बनलेली ३४ फुटी शिडाची बोट चालवली. आता आठ महिने एका छोट्या यार्डाने बांधलेली, साधारण तेवढ्याच लांबीची वापरतोय. ‘हाताने बांधलेली म्हणजे भक्कमच’ असं ऐकून घेतली होती. ते अर्धंच खरं निघालं.

पहिल्याच पावसात झोपायच्या बंकखाली पाणी. बोट (हाताचं!) बुडवून चाखलं तर गोडं. म्हणजे समुद्राचं नाही, डेकवरून (बोटीच्या वरच्या पृष्ठभागावरून) झिरपतंय. जुन्या बोटीतही हेच झालं होतं, रेलिंगच्या खांबाच्या बुडातून. पण तिथे छताला आतून फायबरचं एकसंध अस्तर होतं आणि नट त्याच्या मागे. शेवटी अस्तराला गोल भोक पाडलं, तर आत निव्वळ एक वॉशर. तोवर डेकच्या दोन थरांमधलं बाल्साचं लाकूड भिजून लगदा झालं होतं. ठोकलं की बद्द आवाज यायचा. नव्या बोटीत कपाटाची फळी काढली आणि नट समोर. मागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी, भोकाभोवतीचा बाल्सा खरवडून तिथे पाणी न शोषणारं इपॉक्सी भरलेलं. खांब उचलून नवं सीलंट लावलं, दुपारच्या आत काम संपलं.

तळाचंही तसंच. जुन्या बोटीत साच्यातून काढलेला सांगाडा हलला (बोटीच्या बाहेरच्या कवचाला) चिकटवलेला होता. बोट तळाला आपटून तो कुठे सुटला तरी वरून पत्ता लागत नाही. २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ या शिडाच्या बोटीची कील (तळाचं जड पातं) अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे गेले, तेव्हा ब्रिटिश तपास अहवालाने अशाच न दिसलेल्या नुकसानीची शक्यता मांडली होती. इथे आडव्या भिंती फायबरच्या पट्ट्यांनी थेट हलला जोडल्यात. टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा बघता येतो.

आता रडगाणं. वायरिंग म्हणजे शेवया. नकाशा नाही, नंबर नाहीत, नेव्हिगेशन दिव्याची वायर शोधण्यात अख्खा रविवार गेला. कारखान्याच्या बोटीत निदान प्रत्येक वायरीवर नंबर होता. तिचं लॅमिनेटही (फायबर कापड आणि रेझिनचे थर) व्हॅक्यूमने रेझिन ओढून केलेलं, सगळीकडे सारखं. इथे लॉकरच्या कोपऱ्यात रेझिनचं थारोळं आणि वीतभर पुढे रेझिन न पोचलेलं कोरडं कापड. हॅचचं (डेकवरच्या झाकणाचं) माप जगावेगळं, त्यामुळे त्याची रबरी गॅस्केट कापून जुळवावी लागली.

सगळ्यात राग आला तो पाण्याखालच्या व्हॉल्व्हचा. सहज खरवडून पाहिला तर आत गुलाबी रंग: साधं पितळ, जस्त निघून गेलेलं, मागे ठिसूळ तांबं. एवढी जाड पट्टी लावणाऱ्या माणसाने समुद्राच्या पाण्यात टिकणाऱ्या ब्राँझसाठी हात आखडता घ्यावा! पुढच्या महिन्यात बोट पाण्याबाहेर काढून सगळे बदलतोय. तोवर एखादा तुटलाच तर भोकात ठोकायला प्रत्येकाशेजारी लाकडी खुंटी बांधून ठेवलीय.