पाच फूट उंची आणि रिकंबंट सायकल: नाशिकमध्ये कोणती घ्यावी, कशी बसवावी

पाच फूट उंचीच्या माणसाने रिकंबंट, म्हणजे पाठ टेकून रेलत, पाय पुढे करून चालवायची सायकल, घेताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा कोणता असेल, तर स्वतःची उंची. विक्रेता तीच विचारतो, कंपनीच्या तक्त्यातही तीच छापलेली असते. तिच्या भरवशावर मागवलेली सायकल घरी येते आणि मग कळतं, की पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत किंवा थांबल्यावर जमिनीला टेकत नाहीत. साध्या सायकलवर पाय दोन सेंटिमीटर कमी पडला तर माणूस सीटवर पुढे सरकून, कंबर हलवून भागवतो. रिकंबंटवर मागे पाठीचा टेकू आणि पुढे पेडल, असे दोन्ही बाजूंनी बांधलेले असतो आपण. मधलं अंतर आपल्या पायाच्या मापाचंच लागतं.

ते माप घरी काढता येतं. सायकलवर घालायचे तेच बूट घाला, जमिनीवर बसा, कंबर आणि पाठ भिंतीला चिकटवा, गुडघे सरळ आणि तळवे उभे ठेवा. भिंतीपासून बुटाच्या तळापर्यंतचं अंतर म्हणजे तुमचा एक्स-सीम. टेप दुसऱ्या कुणाला तरी धरायला सांगा. आपणच वाकून मोजायला गेलो की कंबर भिंतीपासून सुटते आणि माप दोन-तीन सेंटिमीटरने चुकतं. १५२ सेंमी उंचीच्या व्यक्तीचा एक्स-सीम ढोबळमानाने ९० ते ९६ सेंमी भरतो. म्हणजे उंची तीच असूनही पाच-सहा सेंटिमीटर इकडे-तिकडे. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: या मॉडेलचा किमान एक्स-सीम किती? उत्तर तुमच्या मापापेक्षा निदान दोन सेंटिमीटरने कमी हवं. अगदी काठावरचं असेल तर पातळ तळाचे बूट घातले की गणित बिघडलंच म्हणून समजा.

दुचाकी रिकंबंट घेणार असाल तर सीटची उंचीही तितकीच महत्त्वाची. इथे पाय सरळ खाली जात नाहीत, सीटच्या कडेवरून पुढे जाऊन मग खाली उतरतात, त्यामुळे प्रत्यक्षात सीट आहे त्यापेक्षा उंच वाटते. घरातल्या प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक साधारण ४२ ते ४५ सेंमी असते. तिच्यावर पाठ पूर्ण टेकून, रेलून बसा आणि दोन्ही टाचा जमिनीला लागतात का बघा. खुर्चीवरच टाचा उचलल्या जात असतील तर ५५-६० सेंमी सीटची, दोन्ही मोठ्या चाकांची हायरेसर मनातून काढून टाका. प्रत्येक सिग्नलला चवड्यावर तोल सांभाळत उभं राहणं द्वारका चौकात जमायचं नाही.

मग घ्यायची कोणती? माझं मत स्पष्ट आहे. पाच फुटांच्या आसपासच्या स्वाराने नाशिकसाठी पहिली रिकंबंट म्हणून टॅडपोल ट्राइक घ्यावी, म्हणजे पुढे दोन चाकं आणि मागे एक. थांबताना पाय टेकायचाच नसल्यामुळे सीटच्या उंचीचा प्रश्न निकालात निघतो. चढावर वेग कितीही पडला तरी तोल जात नाही. त्यातही सरकत्या सीटचं मॉडेल मिळालं तर उत्तम. टेराट्राइक कंपनीच्या रोव्हर मॉडेलमध्ये पेडलं जागच्या जागी राहतात आणि सीट मुख्य नळीवर पुढे-मागे सरकते. चेन तोडायची-जोडायची भानगडच नाही, आणि घरातल्या दोन वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना एकच ट्राइक वापरता येते. तिची बैठक इतर बहुतेक टॅडपोलपेक्षा उंच आहे. बसा-उठायला ते सोयीचं, पण वळणावर जरा जपून. कॅटट्राइकचं पॉकेट हे मॉडेल लहान चणीच्या स्वारांचा विचार करून बनवलेलं आहे. वापरलेलं, चांगल्या स्थितीतलं मिळालं तर सोडू नका. यातलं काहीही परदेशातून आणायचं तर वाहतूक, कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून बजेट लाखांतच जातं.

दुचाकीच हवी असेल तर पुढे-मागे दोन्ही २० इंची चाकं असलेली, आखूड व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत कमी अंतर असलेली, बघा. अशा सायकलीत पेडलं पुढच्या चाकाच्याही पुढे येतात. पेडलांचा कणा, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, सीटपेक्षा फार वर नसावा. तो जितका वर, तितके निघताना पाय उचलायला जड आणि तितका पुढचा रस्ता आपल्याच गुडघ्यांआड. शिवाय लहान चौकटीत टाच पुढच्या चाकाला घासते का, हे हँडल पूर्ण वळवून तपासा. लांब व्हीलबेसच्या सायकली शिकायला सोप्या आहेत, पण आपल्याकडच्या लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये त्यांची लांबी नकोशी होते.

बहुतेक रिकंबंटमध्ये मात्र सीट जागेवर असते आणि पुढची नळी, म्हणजे बूम, आत-बाहेर होते. कमी उंचीच्या स्वाराची खरी कटकट इथे सुरू होते. बूम ५ सेंमी आत घेतली की चेन वरून ५ आणि खालून ५, अशी १० सेंमी सैल पडते. चेनची एक कडी १२.७ मिमीची, म्हणजे ८ कड्या काढाव्या लागतात. नुसती बूम ढकलून नट आवळला तर लहान चेनरिंग (पेडलांजवळचं दातेरी चक्र) आणि लहान स्प्रॉकेटवर (मागच्या चाकाचं दातेरी चक्र) चेन लोंबते, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, ती ओढून धरू शकत नाही. उलट जास्त कड्या काढल्या आणि गिअर मोठ्या-मोठ्यावर गेला, तर चेन ताणून डिरेलर वाकतो किंवा तो चौकटीला धरणारा हँगर तुटतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी बूम बसवा, दहा-बारा किलोमीटर चालवून माप पक्कं करा, मगच चेन कापा. कापलेल्या कड्या फेकू नका. दोन जॉइंट लिंकसोबत जपून ठेवा, सायकल विकताना किंवा बूट बदलताना लागतात.

बूम पूर्ण आत गेल्यावर आणखी दोन ठिकाणी नीट बघा. पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याची मागची शेपटी चौकटीच्या नळीपासून किती लांब आहे? मोठ्या चेनरिंगवर ती सुटी वाटते आणि लहानवर उतरताना नळीला टेकते. मग गिअर पडतच नाही, आणि मेकॅनिक उगाच केबल सैल-घट्ट करत बसतो. दुसरं म्हणजे केबल. बूम आत आली की बाहेरच्या आवरणाचा फुगा डाव्या किंवा उजव्या टाचेच्या वाटेत येतो. केबल नव्याने मापात कापून घ्यावी, टेपने चिकटवून सोडू नये.

बूम शेवटपर्यंत आत घेऊनही पाय पुरत नसेल तर क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, बदला. सायकलीबरोबर सहसा १७० मिमीची येते. १५२ ची लावली की पेडलचं सर्वांत लांबचं टोक १८ मिमी जवळ येतं. गुडघाही कमी दुमडतो, हँडलला मांडी लागायची थांबते. पाच फुटांच्या स्वाराला हा बदल बूम पुरत असली तरी करावासा वाटेल इतका फरक पडतो. पण बूम पुरत असेल तर क्रँक बदलल्यावर ती तेवढीच, १८ मिमी, बाहेर घ्यायची, हे विसरू नका. क्रँक आखूड झाली की तरफ जवळपास १० टक्क्यांनी कमी होते. ३९ दातांची चेनरिंग पूर्वी जितकी हलकी वाटायची, तितकी आता ३५ ची वाटेल.

१५२ ची क्रँक मुलांच्या सायकलींवर येते, चौकोनी कण्याची असेल तर थेट बसते. दुसरा मार्ग म्हणजे आहे त्याच क्रँकमध्ये आतल्या बाजूला नवं भोक पाडणं. अंबड किंवा सातपूरला चांगलं मशीन शॉप हे काम करू शकतं. त्यांना आटा सांगायचा: ९/१६ इंच, २० टीपीआय (इंचाला २० आटे), उजव्या क्रँकला उजवा आणि डाव्या क्रँकला डावा. दोन्हीकडे उजवाच पाडला तर डावं पेडल चालता-चालता सुटून येतं. क्रँक भरीव अॅल्युमिनियमची हवी. पोकळ क्रँकला ड्रिल लावू नका, ती भोकापाशी चिरते.

माप बरोबर आहे का, हे टाचेने तपासा. पाठ टेकून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल सर्वांत दूर नेलं, तर गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा पेडलवर आला की आपोआप हलका बाक राहतो. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बूम जास्त आत आहे. कंबर डावी-उजवी डुलत असेल, किंवा दर फेरीला आपण सीटवरून खाली ओढले जात असू, तर बूम बाहेर आहे. बदल एका वेळी ५ मिमीचाच करा. पाठीला टेकू असल्यामुळे इथे पायाने वाटेल तितका जोर लावता येतो आणि त्याची किंमत गुडघा मोजतो. जड गिअर ढकलत बसू नका. मिनिटाला ८० फेऱ्यांच्या आसपास हलके पाय फिरवा.

सीटचीही साइज असते. मोठ्या मापाच्या कडक शेलमध्ये, म्हणजे कवचासारख्या सीटमध्ये, कमरेचा बाक पाठीच्या मध्यावर येतो, हेडरेस्ट डोकं पुढे ढकलतो. जाळीच्या सीटमध्ये पुढची दांडी मांडीखाली रुतते आणि अर्ध्या तासात पाय बधिर होतात. पुढचे दोन-तीन पट्टे सैल केले की बरंच सुसह्य होतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये जाळीच घ्यावी, शेलवर पाठ भिजून जाते.

ट्राइकवर पाय पेडलला बांधलेले हवेत, बुटाचा तळ अडकवणारं क्लिपलेस पेडल नाहीतर टाच धरणारे पट्टे. यात तडजोड नको. धक्क्याने पाय पेडलवरून निसटला तर तळवा जमिनीला लागतो, ट्राइक पुढे जातच राहते आणि पाय चौकटीखाली खेचला जातो. घोटा मोडतो तो असा.

दुचाकी शिकायला साधुग्रामचं मैदान चांगलं, कुंभाची कामं चालू नसतील तेव्हा. नाहीतर सुट्टीच्या सकाळी एमआयडीसीतला एखादा रुंद, रिकामा रस्ता. आधी अगदी हलक्या उतारावर पेडल न मारता, दोन्ही पाय लोंबते ठेवून नुसतं घरंगळा. ते जमलं की निघायला शिका. हलका गिअर, ब्रेक धरलेला, एक पाय जमिनीवर, दुसरा पेडलवर. हे पेडल सर्वांत वरच्या जागेच्या किंचित पुढे असावं. पाठ टेका, नजर वीसेक मीटर पुढे ठेवा, ब्रेक सोडा आणि एकच ठाम ढकल द्या. मग दुसरा पाय घाई न करता वर येतो. नवखा माणूस इथे हँडल ओढतो, पाठ उचलतो आणि पायांकडे बघतो. तिन्हींनी सायकल लगेच डुलते. हँडल दोन बोटांनी धरल्यासारखं सैल हवं. थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवायची सवय लावा, कारण जड गिअरमध्ये उभं राहून जोर लावायची सोय इथे नाही. शहरात थांबताना डावीकडे फूटपाथची कड गाठा. तिच्या दहा-पंधरा सेंटिमीटरमुळे कमी उंचीचा स्वार टाच टेकून आरामात उभा राहतो.

उभं राहता येत नसल्यामुळे चढाला गिअरच कामी येतो. पुढे ३० दात, मागे ३४ दात आणि २० इंची चाक असेल तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण १.४ मीटर जाते, म्हणजे ८० फेऱ्यांना ताशी साडेसहा किलोमीटर. मागे २६ इंची चाक घेतलं तर हाच गिअर तीस टक्क्यांहून अधिक जड होतो. नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट असल्या वेगाने दुचाकीवर डुलत-डुलत काढावा लागतो, ट्राइकवर तो निवांत चढता येतो. त्र्यंबकचा रस्ता दोन्हींसाठी छान, चढ हळूहळू येतो. गंगापूर रोडवर सोमेश्वरच्या पुढे सकाळी लवकर जावं.

खड्ड्यांच्या बाबतीत ट्राइक मार खाते. दुचाकीचा माग एक, तिचे तीन. दोन चाकं चुकवली की तिसरं खड्ड्यात जातंच. गतिरोधकावर चौकटीखालचा आयडलर, म्हणजे चेनला वाट दाखवणारी पुली, आपटतो का, ते पहिल्याच दिवशी सोसायटीच्या गेटवरच्या रबरी गतिरोधकावर चालत, हाताने ढकलून बघा. ट्राइकचे दोन पुढचे ब्रेक वेगवेगळ्या लिव्हरवर असतील तर दोन्ही सारखे ओढायचे, नाहीतर ती एका बाजूला खेचते. आरसे दोन्हीकडे हवेत. दीड मीटरहून उंच भगवा किंवा नारिंगी झेंडा आणि दिवसाही चालू मागचा दिवा हवाच, कारण ट्रकचालकाच्या नजरेत तुम्ही टायरच्या उंचीवर असता.

नाशिकला सायकलीची जाण असलेले मेकॅनिक कमी नाहीत. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथे चांगल्या रोड बाइक दिसतात. पण रिकंबंट हाताळलेला माणूस क्वचितच. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने १९३४ पासून ती शर्यतीबाहेर ठेवली. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रान्सिस फोर या फ्रेंच सायकलपटूने रिकंबंटवर तासाभरात ४५.०५५ किमी काटून विक्रम केला होता. शर्यतीत नाही म्हणून दुकानात नाही, असं ते गणित आहे. त्यामुळे सुटे भाग निवडतानाच विचार करा. टायरवर ४०६ लिहिलेलं असावं, ते मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींचं माप आहे, कुठेही मिळतं. ३४९ किंवा ४५१ टाळा. साध्या आठ-नऊ गिअरच्या चेन इथे मिळतात, फक्त एकीच्या जागी तीन घ्याव्या लागतात. आयडलर पुली, बूमचा क्लॅम्प आणि सीटची जाळी मात्र सायकलीबरोबरच जादा मागवा.

आणि पैसे भरण्याआधी टेप घेऊन खाली जा. ट्राइकची रुंदी बहुतेक वेळा ७५ ते ८५ सेंमी असते. लिफ्टचं दार, जिन्याखालचा कोपरा आणि फाटकातलं छोटं दार तिघांचंही माप घ्या.